अर्धा शब्द वहिनीचा

बातमी आली तेव्हा मी वहिनीच्याच माहेरी होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, तिच्याच आईच्या ओट्यापाशी, संध्याकाळची कणीक मळत. कॉलेजसाठी मी तिथं राहते. ती सोय वहिनीनंच लावून दिलेली. फोन शेजारच्या काकूंकडे यायचा. काकू आल्या, दारातच थांबल्या आणि उगीचच विचारलं, "मावशी कुठं गेल्या?" मावशी म्हणजे वहिनीची आई. त्या दळण आणायला गेल्या होत्या. काकू आत आल्या, माझ्या हाताखालची परात बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "शिरूरहून फोन होता गं. तुझ्या वहिनीला जास्त झालंय." आमच्याकडे 'जास्त झालंय' म्हणजे काय झालंय, ते ऐकणाऱ्याला कळतं. तरी माणूस विचारतोच. मी विचारलं, "म्हणजे किती जास्त?" काकूंनी नळ सोडला आणि माझ्या हाताची कणीक धुवायला लागल्या.

मावशी पिठाचा डबा काखेत घेऊन आल्या. मी एवढंच म्हणू शकले, "मावशी, वस्तीवर जायचंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, डबा खाली ठेवला. "कणीक झाकून ठेव, माशा बसतील," म्हणाल्या आणि मग भिंतीला धरून खाली बसल्या. केडगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढं जीपनं आम्ही गेलो. पारगावचा पूल आला तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. "लग्न झाल्यावर या पुलावर आली की रडायची. भीमा ओलांडली की माहेर संपलं, म्हणायची. मग पुढं थांबली रडायची." एवढंच. पुलाखाली पाणी होतं की नुसती वाळू, ते मला आठवत नाही.

या गोष्टीला आता सव्वा महिना होऊन गेला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं असं काही लिहिणारीही पहिलीच. वाक्य नीट झालं का, हे मी आजवर एकाच माणसाला विचारत आले, आणि ते माणूस आता नाही. म्हणून जरा चाचपडतच लिहिते आहे.

आमची वस्ती शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडे. आजोबांपर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन फिरायची. वडिलांनी, म्हणजे आबांनी, विहीर काढली आणि घर एका जागी आणलं. मेंढरं राहिली ती थोडी, दारापुरती. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी तिसरीत होते. बारावी झालेली सून वस्तीवर आली म्हणून आठवडाभर बाया काहीतरी निमित्त काढून घरात डोकावून जायच्या. कुणी ताक मागायला, कुणी विस्तव मागायला. "दौंडची मडम चुलीपुढं बसती का बघाय आले," असं एक चुलती तोंडावरच म्हणाली होती. वहिनी म्हणाली, "बसते की. पण धूर माझ्याच तोंडावर येतो, त्याला पण बघायचं असेल." बाया हसल्या आणि गेल्या. पहिल्याच सकाळी तिनं मला 'वन्सं' अशी हाक मारली. मी मागं वळून बघितलं, मागं कोण उभं आहे म्हणून. मला 'ए पोरी' यापलीकडं कुणी काही म्हटलेलं नव्हतं.

आईनं तिला घरच्या रीती सांगितल्या, त्यात एक मोठी रीत होती. आबांचं नाव दगडू. त्यामुळं आमच्या घरातली कुठलीही बाई 'दगड' हा शब्द तोंडातून काढत नाही. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव घेऊ नये, हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे ते नावाजवळच्या शब्दापर्यंत जातं. आई 'धोंडा' म्हणते. दगडी ज्वारीला ती 'त्यांच्या नावाची ज्वारी' म्हणते, आणि बाजारात दुकानदारालाही ते कळतं. मी लेक, मला बंधन नव्हतं. पण घरात सगळ्या बाया धोंडाच म्हणायच्या, म्हणून मीही धोंडाच म्हणत मोठी झाले. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्याबाई, मग मसाल्यात ते फूल घालतात, त्याला काय म्हणायचं?" आईला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. "काळं फूल म्हणायचं," ती म्हणाली. वहिनीनं पदर तोंडाला लावला. "हसती काय? व्हईल सवय," आई म्हणाली. आणि खरंच झाली. वहिनीला सवयी लवकर व्हायच्या. थकायची सवयसुद्धा तिला तशीच झाली असावी, असं आता वाटतं.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं येत होती, लहान शब्द येत होते. पण लांब शब्द आला की मी एकेक अक्षर धरत जायची आणि शेवटच्या अक्षरापाशी पोचेपर्यंत पहिलं हातातून गेलेलं असायचं. एकदा चुलीपाशी बसून मी 'आ... ग... गा...' करत होते. वहिनी भाकरी थापत होती. म्हणाली, "वन्सं, आगगाडी वाचता येत नाही? आमच्या तर दारातनं जाते." हात पुसून ती माझ्याशेजारी बसली आणि पुस्तकातल्या त्या शब्दाचा मागचा अर्धा तिनं अंगठ्यानं झाकला. "हे काय?" मी म्हटलं, आग. तिनं अंगठा उचलून पहिल्या अर्ध्यावर ठेवला. "आणि हे?" गाडी. मग अंगठा काढून घेतला आणि काहीच बोलली नाही. मी वाचला तो शब्द. मग पुढचा एक वाचला, मग त्याच्या पुढचा. तिच्या अंगठ्याला लसणाचा वास होता आणि कागदावर पिठाचा एक पांढरा ठसा उमटला होता. तो ठसा मी मुद्दाम पुसला नव्हता.

वस्तीवरची बरीच मुलं माझ्यासारखीच होती. गावातली शाळा ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की लहान मुलं जायची थांबायची, आणि एकदा थांबलेल्या मुली पुन्हा जायच्या नाहीत. त्यांच्या हातात काठी यायची आणि पुढं चार मेंढरं. वहिनीनं बिरोबाच्या देवळाच्या पडवीत दुपारी मुलांना बसवायला सुरुवात केली. आईचं म्हणणं एकच होतं, "घरातलं सांभाळून काय करायचं ते कर." हे वाक्य ऐकायला फार साधं आहे. पण त्याचा अर्थ असा होता की पहाटे धारा, मग भाकरी, मग खुरपणी, मग धुणं आणि या सगळ्याच्या पोटात कुठंतरी शाळा. दादा, म्हणजे माझा भाऊ, रांजणगावला कंपनीत ठेकेदाराकडे. त्याच्या पाळ्या बदलायच्या आणि त्याच्या डब्याच्या वेळाही. मी तिला नुसती बसलेली फार वेळा पाहिलेली नाही.

तिच्याजवळ एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा होता. त्यात खडेमीठ, लोकरीचा पुंजका, हळकुंड, काडेपेटी, दोरीचा तुकडा असल्या वस्तू. डावा तळहात म्हणजे शब्दाचा पहिला अर्धा, उजवा तळहात म्हणजे दुसरा. ती डावा हात पुढं करून म्हणायची, "मीठ." उजवा पुढं करायची, मुलं म्हणायची, "भाकर." मग दोन्ही हात टाळीसारखे मिळवायची आणि फळ्यावर आख्खा शब्द लिहायची, मीठभाकर. गाडीवाट, कांदाचाळ, काठीघोंगडं, घोडनदी... सगळे आमच्या भोवतालचेच शब्द. नदीचं, आणि शिरूरला घोडनदीच म्हणतात म्हणून तालुक्याच्या गावाचंही, नाव दोन शब्दांचं आहे, हे आम्हांला तोवर माहीत नव्हतं. एकदा ती "शेळी" म्हणाली आणि उजवा हात पुढं केला. तिला 'मेंढी' हवं होतं. मागच्या रांगेतला नामा ओरडला, "मटण!" सगळा वर्ग लोळला. वहिनी म्हणाली, "नामदेवराव, तुमचा शब्द फळ्यावर नको, ताटात बरा."

एके दिवशी पुस्तकात 'दगडमाती' आला. वहिनीनं डबा बाजूला ठेवला, पडवीच्या खाली उतरली, एक गुळगुळीत गोटा उचलून आणला आणि डाव्या तळहातावर ठेवला. ओठ मिटलेले. मुलं बघत राहिली. मग कुणीतरी म्हटलं, "दगड?" तिनं मान हलवली, उजवा हात पुढं केला आणि स्वतः म्हणाली, "माती." टाळी. मुलांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून सगळेच शब्द तसे मागायला लागली. "बाई, न बोलता! न बोलता!" तिची अडचण होती, मुलांना तो खेळ वाटला, आणि मग तीच तिची शिकवायची रीत झाली. एक अर्धा ती मुकाट्यानं तळहातावर ठेवायची, मुलांनी तो ओळखायचा; दुसरा ती म्हणायची. तो गोटा डब्यातच राहिला.

पडवी देवळाची होती आणि वस्तीतल्या मोठ्या माणसांचा तिच्यावर डोळा होता. कांदा निघाला की ठेवायला सावलीची जागा कुणालाही हवी असते. वस्त्यांवर सरकारी शाळा निघायला लागल्या तेव्हा आमच्याही वस्तीचा अर्ज गेला. माझे एक चुलते सरळ बोलले, "शाळा मंजूर झाली तर पोरांची, न्हाई तर कांद्याची. उगा अडकून ठिवायची न्हाई जागा." त्यामुळं तालुक्याहून साहेब बघायला येणार, त्या दिवशी सगळी वस्ती पडवीभोवती जमली. आई खांबाआड उभी होती. आबा पायरीवर बसून दोर वळत होते.

साहेब मोटारसायकलवरून धुळीनं भरून आले. माणूस वाईट नव्हता. दिवसभरात अशा बऱ्याच वस्त्या बघून दमलेला असावा. त्यांनी मुलांच्या पुस्तकातलं एक पान उघडलं आणि वहिनीला म्हणाले, "बाई, तुम्ही आधी मोठ्यानं वाचून दाखवा." वहिनी वाचू लागली. आवाज स्वच्छ होता. "डोंगरावरून..." आणि थांबली. पुढचा शब्द दगडमाती होता. तिनं सवयीनं डावा हात वर केला. मुलं एका सुरात ओरडली, "दगड!" ती म्हणाली, "माती वाहून आली आणि गाडीवाट बंद झाली."

"बाई, तुम्ही वाचा," साहेब म्हणाले. "पोरांकडून नका वदवून घेऊ."

ती पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागली आणि पुन्हा तिथंच थांबली. मुलं आता गप्प होती. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "हा शब्द येत नाही का तुम्हांला?" वहिनी पुस्तकाकडे बघत राहिली. तिच्या कानशिलावरून घाम उतरत होता, मला दिसत होता. मला कळत होतं की आता पडवीत कांदे पडणार. शेवटी नामाच उठला. "साहेब, येतोय त्यास्नी. त्या आबांचं नाव न्हाई घेत."

"कोण आबा?"

माणसं हसली. आबा दोर खाली ठेवून उभे राहिले. "मी. दगडू." साहेबांनी आबांकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं आणि टोपण पुन्हा पेनाला लावलं. ते काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, "पोरी, वाच. तू नाव घेतल्यानं मी मरत न्हाई आन् न घेतल्यानं काय अमर व्हत न्हाई. पोरांची शाळा जाईल. वाच."

वहिनीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पुस्तक तोंडासमोर धरलं आणि तो आख्खा शब्द वाचला. इतक्या बारीक आवाजात, की पुढच्या रांगेपलीकडं गेलाही नसेल. साहेब म्हणाले, "बास, बाई. झालं." मग त्यांनी एकेका मुलाला उभं केलं आणि मुलांनी वाचून दाखवलं. जाताना चहा घेतला, आबांशी मेंढरांवर बोलले. पुढं काही महिन्यांनी शाळा मंजूर झाल्याचा कागद आला, वहिनीच तिथली बाई ठरली आणि दुपारची पडवी सकाळची झाली.

आई मात्र त्या दिवसानंतर बरेच दिवस वहिनीशी तुटक बोलायची. "साहेब गेला निघून. त्याचं काय जातंय," असं भांड्यांना ऐकवायची. त्याच वर्षी आबा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. आई चुलीपुढं पुटपुटली, "नाव घेतलं त्याचं ह्ये." बाहेरच्या खाटेवरून आबा ओरडले, "पाय शेवाळावरनं घसरला माझा! त्या शेवाळाचं नाव कुणी घेतलं व्हतं?" आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा तोंड फिरवून हसली. वहिनी हसली नाही. ती उठून आबांसाठी पाणी तापवायला गेली. त्यानंतर तो शब्द तिनं पुन्हा कधी उच्चारला नाही. शाळेत नाही, घरात नाही. मी एकदा विचारलं, आबांनीच सांगितलं होतं ना म्हण म्हणून? ती म्हणाली, "मामंजींना काही वाटलं नाही, माहीत आहे मला. मला वाटलं ना, वन्सं. शाळेसाठी एकदा म्हटलं, पुरे. आता आहे ती रीत बरी आहे." तिच्या मनात नेमकं काय होतं, हे मला तेव्हा उमगलं नाही. आजही पूर्ण उमगलं आहे, असं म्हणवत नाही. दोन्हीकडचं मोडू द्यायचं नाही, असं तिचं चाललेलं असायचं, आणि मधला सगळा ताण ती स्वतःच्या अंगावर घ्यायची.

वर्षं गेली. मी गावातल्या शाळेत शिकले, पुढं न्हावऱ्याला, आणि दहावीनंतर घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा वहिनीनं आबांना फक्त एवढं विचारलं, "मामंजी, माझ्या आईकडं एक खोली रिकामीच असते. वन्संना दौंडला ठेवू का?" आबा म्हणाले, "तुझी आई काय म्हणती?" वहिनी म्हणाली, "तिला मी विचारलं नाही, सांगितलंय." मध्यंतरी तिला मुलगी झाली, दीपा. तीही थोडी मोठी झाल्यावर पडवीत बसायला लागली. शाळेत आईला 'बाई' म्हणायची आणि पडवीतून उतरली की 'आई' म्हणून पायाला मिठी मारायची. वहिनी अलीकडं फार दमलेली दिसायची. मी सुट्टीत गेले की बघायचे, मुलांना जोड्यांनी शब्द लावायला देऊन ती खांबाला टेकायची आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. मुलं तिला उठवत नसत. एकमेकांना सांगत, "बाई निजल्यात, हळू जोडा." मग टाळ्या न वाजवता नुसते तळहात मिळवायचे. ती पडवी तेवढी शांत मी दुसऱ्या कशानं झालेली पाहिली नाही.

रक्त कमी आहे, असं डॉक्टर आधीपासून सांगत होते. मग ताप यायला लागला, यायचा, जायचा. "कांदे काढून झाले की दाखवू," ती म्हणायची. मी शेवटची भेटले तेव्हा ती घरातच अंथरुणावर होती. माझ्याकडून डबा मागवून घेतला, झाकण उघडून आत बघितलं. "लोकर संपलीय. मामंजींना सांग, थोडी कातरून देतील." मग म्हणाली, "मला बरं वाटेपर्यंत सुट्टीच्या दिवशी तू वर्ग घे. मी करते तसंच कर हां. अर्धंच द्यायचं. सगळं आपणच म्हणून टाकलं की पोरं नुसती ऐकून घेतात." मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "दौंडला आईचे गुडघे कसे आहेत?" मी सांगितलं, बरे आहेत. तेवढंच आमचं शेवटचं बोलणं. त्याहून मोठं काही बोललो असतो तर... पण आमच्या घरात मोठं कुणी बोलत नाही. पुढच्या आठवड्यात तिला शिरूरला दवाखान्यात नेलं, आणि मग काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि घर एकदम रिकामं झालं. दादा कामावर जायला लागला. डबा न घेता जातो, कँटीनमध्ये खातो म्हणतो. आई दिवसभर काहीतरी शोधत असल्यासारखी घरात फिरते. एकदा मसाल्याचा डबा उघडून बसली होती. म्हणाली, "पहिल्याच दिशी इचारलं व्हतं तिनं मला, ह्या फुलाला काय म्हनायचं." आणि डबा तसाच बंद केला. दुसरी बाई येईल, असं तालुक्याहून सांगितलंय. कधी, ते सांगितलेलं नाही. माझी परीक्षा जवळ आलेली. अशातच एका संध्याकाळी ते चुलते आले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "आबा, कांदा निघाय लागलाय. पडवी मोकळीच हाय न्हवं आता?"

आबा म्हणाले, "मोकळी न्हाई."

"शाळा तर बंद हाय."

"शाळा हाय तिथं."

"आन् बाई?"

आबांनी दोर पुढं ओढून वळायला घेतला. चुलते थोडा वेळ बसले आणि गेले. मला वाटलं, आबा आता माझ्याकडं बघतील आणि म्हणतील, तूच बस पोरी, कॉलेज राहू दे. मी तयारही झाले होते. खरं सांगायचं तर तयार नव्हते. पण नाही म्हणायची ताकद माझ्यात उरलेली नव्हती. आबा म्हणाले, "तू सोमवारी दौंडला जा. पर उद्या मला दाव, ती कसं करायची त्ये." मी म्हटलं, "आबा, तुम्हांला वाचता येत नाही." ते म्हणाले, "वाचायचं पोरांनी हाय. मी हात फुडं करीन."

आज मी हे दौंडला, त्याच ओट्यापाशी बसून लिहिते आहे. पडवीत सकाळी आबा बसतात. मोठी मुलं फळ्यावर लिहितात, आबा डब्यातल्या वस्तू एकेक काढून तळहातावर धरतात. शनिवारी मी जाते. असं किती दिवस चालेल, सांगता येत नाही. तालुक्याला ते पटेल का, चुलत्यांना पटेल का, आबांचा मोडून जोडलेला पाय रोज तेवढा वेळ मांडी घालू देईल का, मला काहीच माहीत नाही. त्यातली पहिली सकाळ फक्त सांगते.

मुलं आली होती, सगळी नाही. दीपा पुढच्या रांगेत बसली होती. आबा पायरीवरून उठून पहिल्यांदाच आत, फळ्याजवळ येऊन बसले. मी डबा उघडला आणि हाताला आधी तो गोटाच लागला. मी तो वर धरला आणि म्हटलं, "दगड." मी लेक आहे, मला म्हणता येतं. मुलं माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी काहीतरी मोडलंय. नामाची धाकटी बहीण हळूच म्हणाली, "ताई, न बोलता."

मी गोटा डाव्या तळहातावर ठेवला आणि ओठ मिटले. एरवी ओरडणारी मुलं माना खाली घालून बसलेली. गोटा बराच वेळ माझ्या हातावर होता, माझा हात दुखायला लागला. मग शेजारून आबांचा आवाज आला. घसा साफ करून, हजेरीला उत्तर द्यावं तसं ते म्हणाले, "दगड."

मी उजवा हात पुढं केला. तो अर्धा कायम वहिनीचा होता. तो दुसऱ्या कुणी कधी म्हटलेलाच नव्हता, त्यामुळं मुलं सवयीनं वाट बघत राहिली. मीही बघत राहिले. देवळापलीकडं कुणीतरी विहिरीवरची मोटार चालू केली, तिचा आवाज येत राहिला.

"माती," दीपा म्हणाली.

मी हात मिळवले. टाळीचा आवाज झाला नाही, तळहात नुसते टेकले. मधे तो गोटा होता. आबांनी डबा स्वतःकडं ओढून घेतला, आत बघितलं, आणि म्हणाले, "फुडचं घे."